नऊच्या नऊ पोचल्या होत्या

अन्याय दहा जणींवर झाला. नऊ जणींवर दोन ऑगस्ट १९२८ रोजी, ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये, बायकांच्या आठशे मीटर शर्यतीची अंतिम फेरी संपल्या संपल्या. दहावीवर नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, वरणगावच्या बाजूच्या एका शाळेच्या मैदानावर. दहावीचं नाव रेशमा. ती तेव्हा दहावीतच होती, माझ्या वर्गात, माझ्याच बाकावर. नऊ जणींना धावू दिलं आणि मग त्या धड धावल्याच नाहीत असं ठरवून टाकलं. दहावीला धावूच दिलं नाही. ठरवण्याचे कष्टही वाचले.

आता पुन्हा तेच दिवस आलेत. धुळ्यात माझ्या खोलीमागे शाळा आहे. सकाळी सातपासून कुणीतरी माईकवर फुंकर मारतंय आणि ‘हॅलो हॅलो’ म्हणतंय. खिडकी उघडली की दवाने ओल्या मातीवर पडलेल्या फक्कीचा वास येतो. मैदानावर पांढऱ्या रेषा आखायची ती भुकटी. ओल्या भिंतीला चुना लावल्यावर येतो तसा तिचा वास. लोकांना थंडी म्हटलं की काय काय गोड आठवतं. शेकोटी, तुरीच्या शेंगा, कळण्याच्या भाकरीबरोबर भरीत. मला फक्की आठवते, आणि तोंड कडू होतं.

त्या वर्षी थंडी लवकर पडली होती. रेशमाचे अब्बा, सलीमचाचा, रजया भरायचे. बाजाराच्या मागे त्यांचं पत्र्याचं दुकान. कापूस पिंजायचं यंत्र चालू झालं की सगळी गल्ली पांढरी व्हायची. रेशमाच्या पापण्यांवर कापूस, वेणीत कापूस, डब्यातल्या भाजीतसुद्धा एखादा धागा. वर्गात तिला ‘म्हातारी’ म्हणायचे. ही म्हातारी पहाटे उठून पाटचारीच्या बांधावर अनवाणी पळायची. एका अंगाला केळीची बाग, दुसऱ्या अंगाला वेचणीला आलेला कापूस, मध्ये दोन हात रुंद बांध. मी सायकलवर मागे असायचे, घड्याळ घेऊन. माझी बोटं गारठून हँडलला चिकटायची. ती मात्र पळून आली की तिच्या डोक्यातून वाफ निघायची, चुलीवरून आत्ताच उतरवलेल्या पातेल्यासारखी.

एकदा सलीमचाचांनी मला विचारलं, “बेटा, ये पंधराशे मीटर म्हणजे किती गं?”

“दीड किलोमीटर, चाचा.”

“तसं नको सांगू. रजईत सांग.”

त्यांनीच हातातला गज खाली ठेवला आणि हिशोब केला. “सहा फुटाची रजई धर. एकीला एक लावून अंथरली तर आठशे वीस रजया.” मग त्यांनी यंत्र बंद केलं. “आठशे वीस. मी अख्ख्या सीझनमध्ये एवढ्या भरत नाही. आणि ही सहा मिनिटांत ओलांडून जाते?”

“सहाच्या आत,” रेशमा आतून म्हणाली.

“तू गप गं. रजया उडवत नको जाऊ, लोकांना पांघरायच्या असतात.”

पण त्याच दिवशी त्यांनी शब्द दिला. शाळेत पहिली येऊन ती तालुक्याला गेली, तर ते तिला पळू देणार होते. अकरावीला भुसावळला घालणार होते, तिथे मैदान चांगलं म्हणून. नाही गेली, तर दहावीनंतर आईशेजारी बसून रजयांचे गिलाफ शिवायचे. यात धमकी नव्हती. त्यांच्या घरात एवढंच परवडत होतं, म्हणून सरळ सांगितलं. रेशमाने मान हलवली. तिला शर्यतीची भीती नव्हतीच. आमच्या शाळेत तिच्या जवळपास पोचणारी मुलगी नव्हती, आणि खरं सांगायचं तर मुलगाही एखादाच होता.

आता मधली गोष्ट सांगते. ती सांगायला मला इतकी वर्षं लागली.

शाळेच्या दारात काळा फळा होता. त्यावर रोज ‘आजचे सामान्य ज्ञान’ लिहायचं. माझं अक्षर चांगलं, म्हणून ते काम माझ्याकडे. त्या आठवड्यात क्रीडास्पर्धा, तेव्हा खेळांचीच माहिती हवी असं पीटीचे सर म्हणाले आणि त्यांनी एका जुनाट पुस्तिकेतून चार ओळी सांगितल्या. १९२८, ॲमस्टरडॅम, भारताला हॉकीचं पहिलं सुवर्ण. हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं, कारण स्पर्धा परीक्षेत येतं. त्याच्या खाली सरांनी सांगितलेली दुसरी ओळ: त्याच ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर शर्यतीत महिला धावपटू कोसळल्या, म्हणून ती शर्यत बंद करण्यात आली.

मी लिहिलं. रंगीत खडूने, चौकट काढून, कोपऱ्यात पाच वर्तुळं. सुंदर दिसत होतं. मुख्याध्यापक थांबून म्हणाले, “छान.” मी दिवसभर खूश.

शनिवार उजाडला. मैदानात मंडप, मंडपात सोफा, सोफ्यावर प्रमुख पाहुणे. केळीचे मोठे बागायतदार, त्यांच्या गाड्या थेट दिल्लीपर्यंत जायच्या. ते बोलायला उभे राहिले आणि स्त्रीशक्तीवर चाळीस मिनिटं बोलले. अंबाबाईपासून अंतराळापर्यंत एकही बाई सोडली नाही. मुली उन्हात मांडी घालून बसल्या होत्या. रेशमा माझ्या शेजारी, पायाचे अंगठे ओढून ओढून मोकळे करत होती. तिने भावाची जुनी हाफपँट सलवारच्या आत घातली होती आणि तीन वेळा मला विचारलं, “दिसत नाही ना?” मुलांची पंधराशे झाली. टाळ्या झाल्या. मग थेट लिंबू-चमचा पुकारला.

रेशमा उठून सरांकडे गेली. मागे मी.

“सर, मुलींची पंधराशे?”

“रद्द केली बेटा.” सरांनी कागद पुढे केला. ‘१५०० मी. (मुली)’ यावर लाल पेनाची आडवी रेघ, आणि वर बारीक अक्षरात ‘रांगोळी’. “मुलींना झेपत नाही ती.”

“मला झेपते सर. रोज पळते मी.”

“आत्ता वाटतं झेपतंय. नंतर त्रास होतो. दारातला फळा वाचला नाही का? तिथं ऑलिंपिकवाल्यांनी बंद केली, आपण कोण?” आणि मग मोठ्या मनाने, “तू लिंबू-चमच्यात उभी राहा. एक जागा आहे.”

रेशमाने माझ्याकडे पाहिलं नाही. फळ्याकडेही पाहिलं नाही. ओढणी नीट केली आणि परत येऊन बसली. बरोबर अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मला माहीत आहे, कारण तिची वेळ लावायला आणलेलं घड्याळ माझ्या हातात होतं.

कार्यक्रम संपला. पाहुणे गेले, सोफा गेला, आणि खुर्च्या उचलायला सरांनी मुलींना बोलावलं. लोखंडी खुर्च्या, एका हाताला एक, मैदानाच्या टोकापासून पार मागच्या खोलीपर्यंत. किती खेपा झाल्या कुणास ठाऊक. त्या झेपल्या.

या शब्दाचा मला तेव्हापासून संताप आहे. झेपणं. आमच्याकडे बाई दिवसभर वाकून कापूस वेचते आणि संध्याकाळी स्वतःच्या दुप्पट गाठोडं डोक्यावर घेऊन दोन मैल चालते. तिला कुणी विचारत नाही, बाई गं, झेपतंय का. घड लागलेल्या बागेत पाणी भरायचं, पोट पुढे आलेलं असताना पाण्याचे हंडे आणायचे, तेव्हा कुणाला तब्येत आठवत नाही. पण तीच मुलगी सहा मिनिटं स्वतःसाठी पळते म्हणाली, की सगळे डॉक्टर होतात. बाईला ‘झेपतं का’ असं विचारायची रीतच नाही इकडे. ‘झेपत नाही’ असं सांगायची आहे.

सोमवारी शाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही आबा म्हणायचो, मला फळा पुसायला ओलं फडकं देताना हसले. “काय गं, तुमच्या त्या ऑलिंपिकवर खापर फोडलं ना सरांनी?”

“म्हणजे?”

“अगं, पाहुण्याच्या मळ्यात भरीतपार्टी होती एक वाजता. सगळे मास्तर जायचे होते. सर दोन वेळा मला म्हणाले, आबा, वांगी भाजून झाली असतील, आटपा. भाषण काही कमी करता येत नव्हतं. मग पोरींची शर्यत कमी केली.” ते फडकं पिळत राहिले. “भरीत काय मस्त होतं पण.”

तर हा इतिहास. जागतिक क्रीडाविश्वाचा दाखला, स्त्रीदेहाचं शास्त्र, पाच वर्तुळांचा महिमा. आणि सगळ्याच्या तळाशी काय, तर वांगी थंड होतील.

रेशमा तालुक्याला गेली नाही. यंत्राजवळ तिच्या आईशेजारी एक पाट वाढला, एवढंच. पाटचारीवर ती पुन्हा आली नाही. मी दोन दिवस पहाटे सायकल घेऊन उभी राहिले, तिसऱ्या दिवशी मीही झोपून राहिले.

नंतर मी धुळ्याला कॉलेजात आले, संघटनेत शिरले, पत्रकं लिहायला लागले. पत्रक लिहिताना पहिली शिकवण अशी मिळते की आरोप करण्याआधी कागद बघ. मी दोन वर्षं दुनियेचे कागद बघितले आणि माझ्याच फळ्याचा बघितला नव्हता. एका दुपारी वाचनालयात बसून बघितला.

नऊ जणी धावल्या होत्या. नऊच्या नऊ पोचल्या होत्या. पहिल्या तिघींनी तोवरचा जगातला विक्रम मोडला होता. रेषा ओलांडल्यावर एखादी दमून गवतावर बसली असेल, आडवी झाली असेल. सव्वादोन मिनिटं जीव तोडून पळाल्यावर माणूस आडवा होतो, तो काय पंगतीला बसतो? पण पेपरवाल्यांनी लिहिलं की निम्म्याहून जास्त बायका वाटेतच गळपटल्या. कुणी तर अकरा धावल्या असं लिहिलं. ज्याला नऊ आणि अकरा यातला फरक मोजता आला नाही, त्याच्या शब्दावर शर्यत बंद झाली. १९६० पर्यंत ऑलिंपिकमध्ये बाईला दोनशे मीटरच्या पुढे धावू दिलं नाही. बत्तीस वर्षं. बायकांची पंधराशे यायला १९७२ उजाडलं, मॅरेथॉनला १९८४.

मग मी पुढे वाचत गेले, आणि जसजशी वाचत गेले तसतशी या पाच वर्तुळांबद्दलची सगळी श्रद्धा गळून पडली. १९०८ साली लंडनला मॅरेथॉनमध्ये एक पुरुष मैदानात शिरला तो उलट्या दिशेला पळायला लागला. मग पडला, उठला, परत पडला. शेवटी पंचांनी धरून त्याला रेषेपार नेलं. त्याचं बक्षीस काढून घेतलं, ठीक. पण दुसऱ्या दिवशी राणीने त्याला कप दिला आणि जगभर त्याचं कौतुक झालं. त्याच्या आधी चार वर्षं, अमेरिकेतल्या मॅरेथॉनमध्ये सगळ्यात आधी पोचलेला गडी बरीच वाट मोटारीत बसून आला होता. तो बाद झाला, आणि ज्याला सोनं मिळालं त्याला वाटेत ब्रँडी आणि स्ट्रिकनीन पाजत आणलं होतं. स्ट्रिकनीन म्हणजे ज्याने उंदीर मारतात ते. यानंतर कुणी म्हणालं का, की पुरुषांना लांब पळणं झेपत नाही, त्यांना लिंबू-चमच्यात उभं करा? पुरुष कोसळला की शौर्य. बाई नुसती बसली की पुरावा.

आणखी ऐका. १९०० साली पॅरिसला नेमबाजीत खरी, जिवंत कबुतरं आकाशात सोडून मारली. १९१२ पासून १९४८ पर्यंत कवितेला, चित्रांना, इमारतींच्या नकाशांना ऑलिंपिकची पदकं मिळत होती. म्हणजे रेशमाची पंधराशे मीटर तिथे बसत नव्हती, पण आमच्या सरांची रांगोळी बसली असती. त्यांनी पेन चालवताना एवढा अभ्यास केला असेल असं मात्र मला वाटत नाही.

आणि सगळ्यात पहिली मॅरेथॉन, १८९६, ग्रीसमध्ये. एक गरीब बाई पळायला आली. घेतलं नाही. जुन्या वृत्तांतांत असं आहे की पुरुषांची शर्यत झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती एकटी तेच अंतर पळाली. मैदानात शिरू दिलं नाही म्हणून बाहेरच थांबली. पण निघण्याआधी तिने गावातल्या मास्तरची सही घेतली होती, किती वाजता निघाले याची. पोचल्यावर तिथल्या माणसांच्या सह्या घेतल्या, किती वाजता पोचले याची. हे वाचलं आणि मी वाचनालयात एकटीच हसले. पदक काढून घेतात, बाई. सही राहते.

या महिन्यात धुळ्यातल्या एका शाळेने मला पाहुणी म्हणून बोलावलं. ‘तडफदार युवा कार्यकर्ती’ असं पत्रिकेत छापलंय. आत मुलींसाठी शंभर मीटर, दोनशे मीटर, लिंबू-चमचा, संगीत खुर्ची. संपली यादी. मी फोन केला.

“सर, मुलींची लांब शर्यत?”

“ताई, मुलीच नावं देत नाहीत.”

“विचारलं होतं?”

“त्यात विचारायचं काय?”

मी पाहुणी म्हणून जात नाही असं कळवलं आणि पत्रक लिहायला बसले. छापखान्याच्या नानांनी चष्मा वर करून मजकूर वाचला. “हाई बठ्ठं छापानं शे का?”

“बठ्ठं, नाना. सगळंच्या सगळं.”

“इतलं तिखं नको लिखू बेटी. लोके वाचतस नही.” मग दोन ओळी आणखी वाचल्या. “पन ते वांगानं भरीतनं राहू दे. ते वाचतीन.”

छापण्याआधी एक काम राहिलं होतं. रेशमा आता नरडाण्याला असते. नवरा तिथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला, ती घरी शाळेचे गणवेश शिवते. दुपारी गेले. मशीनवर होती, मान वर न करता म्हणाली, “आली पत्रकवाली. आज कुणाचा धिक्कार?”

मी मजकूर वाचून दाखवला. मग, जे इतकी वर्षं सांगितलं नव्हतं ते सांगितलं. “फळ्यावर ते मी लिहिलं होतं.”

तिने धागा दाताने तोडला. “माहितीय. तुझं अक्षर ओळखत नव्हते का मी? ‘कोसळल्या’ला लाल खडू लावला होतास.”

ती चहा ठेवायला उठली, तिथून बोलत राहिली. “तेव्हा तुझ्यापेक्षा मला त्या बायांचाच राग आला होता. म्हटलं, मेल्यांनो, तुम्हाला पळता येत नाही तर पळायचं कशाला, आमचं वाटोळं करायला? इतकी वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या त्यांना. आणि आता तू येऊन सांगते, सगळ्या पोचल्या होत्या.”

“तुझं नाव टाकू का?”

“टाक. पण मी बिचारी होते असं लिहू नको. मी पडले नव्हते. मला उभंच केलं नव्हतं. नीट लिही.”

नीट लिहिलं आहे. मला सर्वांत मोठी चोरी हीच वाटते. शर्यत चोरली ते वेगळं. पण ज्यांच्या बाजूने तिने उभं राहायचं, त्याच नऊ जणींच्या नावाने तिला बोटं मोडायला लावली, आणि ते काम माझ्या सुंदर अक्षरातून झालं. खोटं बोलणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत. त्याला फक्त चांगलं अक्षर असलेली एक आज्ञाधारक मुलगी लागते.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही हे इथवर वाचलंत, हळहळलात, त्याचा मला काही उपयोग नाही. सोमवारी तुमच्या मुलीच्या, पुतणीच्या, नाहीतर शेजारच्या पोरीच्या शाळेत जा. क्रीडास्पर्धेची यादी मागा. मुलींच्या बाजूला लांब शर्यत नसेल तर तिथेच कोऱ्या कागदावर दोन ओळी लिहा: ही शर्यत का नाही, लेखी कळवावे. खाली सही करा, शिक्का मारून पोच घ्या. ते तोंडी म्हणतील, मुलींना झेपत नाही. शांतपणे म्हणा, हेच लिहून द्या. कुणी देणार नाही, शर्यत ठेवतील. मग त्या दिवशी मैदानावर या, रेषेजवळ उभे राहा आणि पोचणाऱ्या मुली स्वतः मोजा. जेवण थंड होऊ द्या. शेवटची मुलगी पोचेपर्यंत जागचे हलू नका.